पिस्तूल घेतलंत, पण शिकलात का?



आपल्या सबर्बातल्या एखाद्या देशी घरात चोरी झाली की पुढचे दोन-तीन पॉटलक त्याच विषयावर जातात. कोणाचं किती सोनं गेलं, अलार्म चालू होता का, पोलीस किती वेळाने आले. मग बोलता बोलता कोणीतरी आवाज जरा खाली आणून सांगतो, "मी तर पिस्तूल घेऊनच टाकलं." लगेच प्रश्नांची सरबत्ती. कुठलं घेतलंस, कितीला पडलं, वहिनी काय म्हणाल्या? पण "चालवायला शिकलास का?" हा प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही. चुकून कोणी विचारलाच तर उत्तर ठरलेलं: "रेंजवर जाऊन आलो ना एकदा, पन्नास राउंड मारले. सोपं असतं रे!"

आजचं हे लिखाण त्या "सोपं असतं रे"बद्दल आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2011 ते 2014 या काळात एक टोळी जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत फिरून मुद्दाम आशियाई आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून लुटत होती. घरात माणसं असताना घुसायचे, बांधून ठेवायचे, सोनं काढून घ्यायचे. टोळीच्या म्होरक्या बाईला पुढे 37 वर्षांची शिक्षा झाली. आपल्या घरी सोनं असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा "कशाला हवंय पिस्तूल" असं म्हणून कोणाची भीती उडवून लावण्यात अर्थ नाही.

तसंच "अमेरिकेत बंदूक असावी की नसावी" हा वादही मला इथे घालायचा नाही. घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवण्याचा व्यक्तीला हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2008 साली हेलर खटल्यात सांगितलं. हक्क आहे, मान्य. माझं म्हणणं एवढंच, की हक्क दुकानात मिळतो, कौशल्य मिळत नाही. आणि कौशल्याशिवायचं पिस्तूल चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त धोक्याचं.

आधी व्हिसा बघा

सगळ्यात आधी एक कोरडी पण अत्यंत महत्त्वाची गोष्ट. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण अपवाद म्हणजे नियम नव्हे. आणि "बाळगणं" म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन दहा गोळ्या मारणंही त्यात येतं. नुकत्याच आलेल्या मित्राला "चल, अमेरिका दाखवतो" म्हणून रेंजवर नेणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. हा फेडरल गुन्हा आहे आणि त्यातून डिपोर्टेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते. दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून शेवटी एका शनिवारच्या मजेपायी सगळं घालवू नका. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मग रेंजचा पत्ता शोधा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा अडसर नाही, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

परवाना म्हणजे शिक्षण नव्हे

पुण्यात आरटीओच्या मैदानावर स्कूटरचा आठ काढून दाखवला की लायसन्स मिळायचं. त्या आठच्या जोरावर कोणी लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवू शकत होतं का? इथेही तसंच आहे. आमच्या टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून पात्र प्रौढ माणसाला हँडगन बरोबर बाळगायला परवानाही लागत नाही, म्हणजे आठ काढणंसुद्धा गेलं. ज्यांना तरीही परवाना हवा त्यांचा वर्ग चार ते सहा तासांचा, आणि त्यातलाही बराचसा कायद्याचा. उलट न्यूयॉर्कने 2022 च्या ब्रूएन निकालानंतर नवा कायदा करून 16 तास वर्ग आणि 2 तास प्रत्यक्ष गोळीबार असं शिक्षण सक्तीचं केलं. तिकडे भारतातही 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली.

पण 16 तास असोत की शून्य, सरकार ठरवतं ती किमान पातळी. "सरकार मागत नाही, म्हणजे गरज नाही" हा आपला नेहमीचा हिशोब इथे लागू पडत नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी भारतात पिस्तूल हातात घेतलेलं नाही. फार तर एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या. इथले कित्येक लोक लहानपणापासून बापाबरोबर शिकारीला गेलेले असतात, शस्त्र कसं धरायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपण शून्यापासून सुरुवात करतो, तेव्हा आपल्याला जास्त शिकायला हवं, कमी नव्हे.

कागदावरचं भोक आणि खरा प्रसंग

रेंजवर काय असतं? भरपूर उजेड, समोर न हलणारा कागद, कानावर मफ, आणि हवा तेवढा वेळ. नेमबाजी हा खेळ म्हणून फार सुंदर आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, केवढा अभिमान वाटला! पण त्या खेळातलं लक्ष्य तुमच्यावर धावून येत नाही, आणि ते लक्ष्य म्हणजे तुमचाच मुलगा तर नाही ना, हे ठरवावं लागत नाही.

खऱ्या प्रसंगात काय होतं याचे आकडे उपलब्ध आहेत. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड या संस्थेने 2008 साली अभ्यास केला. 1998 ते 2006 या काळात, समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी 18 टक्केच लागल्या. समोरून गोळी येत नसतानाही प्रमाण 30 टक्के. ही पगार घेऊन हत्यार वापरणारी, नियमित चाचणी देणारी माणसं! बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या? त्या कुठेतरी जातातच. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर 16 गोळ्या झाडल्या. रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले, आणि ते सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. आता आपल्या घरांचा विचार करा. आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, पिस्तुलाची गोळी त्यातून आरपार जाते. पलीकडच्या खोलीत कोण झोपतं?

म्हणून ज्या वर्गात फक्त कागदावरची भोकं मोजतात, तो वर्ग सुरुवात म्हणून ठीक, पण त्याला स्वसंरक्षणाचं शिक्षण म्हणू नये. तसंच काळा टी-शर्ट आणि गॉगल घालून, गाडीतून उड्या मारत गोळीबार शिकवणाऱ्या व्हिडिओंनाही नाही. ती करमणूक आहे :-)

मग उपयोगी शिक्षण कशाला म्हणायचं?

माझ्या मते त्याचे चार भाग आहेत.

पहिला, हाताळणीची सवय. आधुनिक पिस्तूल प्रशिक्षणाचं बरंचसं श्रेय जेफ कूपर यांना जातं. त्यांनी 1976 साली ॲरिझोनात पॉल्डनला शाळा काढली, आणि त्यांचे चार नियम आज जगभर शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नका. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते नक्की करा. वाचायला दहा सेकंद लागतात, हाताला लागायला काही महिने. दचकल्यावर, अंधारात, घाम फुटलेला असतानाही बोट ट्रिगरच्या बाहेर राहिलं पाहिजे. हे पाठ करून येत नाही, फक्त आवृत्तीने येतं. त्यासाठी गोळ्याही लागत नाहीत. पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भक्कम भिंतीकडे नळी ठेवून रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा. पकड, नेम, ट्रिगर हलक्या हाताने मागे घेणं. संगीताच्या रियाजासारखंच आहे हे, मैफलीपेक्षा रियाज महत्त्वाचा.

दुसरा, वेळ आणि अंतर. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी 1983 साली एक साधा प्रयोग लिहून प्रसिद्ध केला. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. दीड सेकंद! तुमच्या हॉलच्या दारापासून किचनपर्यंत बहुधा तेवढंच अंतर असेल. तेवढ्यात बेडसाइडचा सेफ उघडून, पिस्तूल काढून, नेम धरून दाखवा बरं. घड्याळ लावून करून बघा, रिकाम्या पिस्तुलाने. यातून मिळणारा धडा "अजून भराभर काढायला शिका" एवढाच नाही. मोठा धडा हा, की वेळ आधीच मिळवून ठेवावा लागतो. भक्कम दार, चांगलं डेडबोल्ट, अलार्म, बाहेर दिवे, भुंकणारा कुत्रा, आणि सगळ्यांनी जमायची एक ठरलेली खोली. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी पिस्तुलाआधी दाराच्या कुलपाबद्दल विचारतो.

तिसरा, ताण आणि अंधार. भीतीने छाती धडधडते, नजर बोगद्यासारखी अरुंद होते, कानाला आवाज येईनासा होतो, बोटं जड होतात. हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. म्हणून खोट्या शस्त्रांनी, माणसं समोर उभी करून प्रसंग रचणारा वर्ग एकदा तरी करावा. मी ज्या वर्गाला गेलो होतो तिथे एक शिक्षक अंधारात दारातून आत आला, हातात काहीतरी काळं. बऱ्याच जणांनी धडाधड प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडल्या. दिवे लागले तेव्हा त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. वर्गात सगळे हसले, पण हसू लगेच विरलं. 1999 साली न्यूयॉर्कमध्ये आमादू डियालो या गिनीतून आलेल्या तरुणावर चार पोलिसांनी 41 गोळ्या झाडल्या होत्या. त्याच्या हातात पाकीट होतं.

चौथा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात कमी शिकवला जातो: गोळी न झाडायला शिकणं.

दारात कोण आहे?

17 ऑक्टोबर 1992 ला लुइझियानात बॅटन रूजमध्ये योशिहिरो हत्तोरी नावाचा 16 वर्षांचा जपानी एक्स्चेंज विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि पत्ता चुकून भलत्याच घरी गेला. घरातली बाई घाबरली, नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवरा "फ्रीझ!" असं ओरडला. पोरगा, आपण पार्टीला आलो आहोत असं सांगत, पुढे आला. एकच गोळी. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, पण 1994 साली दिवाणी कोर्टाने त्याला सुमारे साडेसहा लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. एप्रिल 2023 मध्ये मिसुरीत कॅन्सस सिटीला राल्फ यार्ल हा 16 वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला, चुकीच्या घराची बेल वाजवली, आणि 84 वर्षांच्या घरमालकाने काचेच्या दारातून गोळी झाडली. पोरगा वाचला. त्या म्हाताऱ्याने 2025 मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला.

मंडळी, या गोष्टींमध्ये आपण दोन्ही बाजूंना आहोत. आपण घरमालक आहोत, आणि चुकीच्या दारात उभा राहिलेला, सावळ्या रंगाचा, वेगळ्या उच्चारांचा मुलगाही आपलाच आहे. आणि दारापलीकडचं सोडा, दाराच्या आतलं बघा. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा जेट लॅगमुळे रात्री दोन वाजता उठून किचनमध्ये, कोणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता चहा करत असतात. टीनएजर मुलगी उशिरा आली की मागच्या दाराने चोरपावलांनी वर जाते. आपल्या घरात रात्री होणारा आवाज हा शंभरातल्या नव्याण्णव वेळा आपल्याच माणसाचा असतो.

म्हणून टॉर्च पिस्तुलाइतकाच महत्त्वाचा. ओळख पटल्याशिवाय गोळी नाही, हा नियम दगडावरची रेघ. आणि एक खास आपल्यासाठी: तोंडाने बोलायचाही सराव करा. घाबरल्यावर आपल्या तोंडून मराठीच निघतं, "कोण आहे रे तिकडे?" ते तसंच निघू द्या. घरच्या माणसाकडून "अरे, मी आहे, मी!" असं उत्तर आलं तर प्रश्नच मिटला. पण परक्यासाठी "स्टॉप! डोन्ट मूव्ह! पोलीस आर कमिंग!" हे इंग्रजीत, मोठ्याने, न अडखळता यायला हवं. शेजारच्यांना ऐकू गेलं तर उद्या साक्षही मिळते.

कायद्याचंही तेच. राज्याराज्यांत फरक आहे, पण गाभा एकच: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला आत्ता, या क्षणी गंभीर धोका आहे असं कुठल्याही समंजस माणसाला वाटलं असतं का? पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी बहुतेक राज्यांत तुम्हालाच तुरुंगात नेते, मग त्याच्या पिशवीत आजीच्या पाटल्या का असेनात. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. त्याच्यासाठी कोणी मरू नये आणि कोणाला मारावंही लागू नये.

आणि पोलीस येतील तेव्हा? हातात पिस्तूल घेतलेला माणूस त्यांच्या दृष्टीने आधी संशयितच असतो. 911 वर कोण आहोत, कसे दिसतो, कुठल्या खोलीत आहोत हे सांगायचं, आणि ते आत येण्याआधी पिस्तूल खाली ठेवून हात मोकळे दाखवायचे. हेही बायको-मुलांसकट सगळ्यांनी घरात करून बघायचं.

"काहीच नसण्यापेक्षा बरं" हे खरं का?

हा युक्तिवाद हमखास येतो. "चालवायचं कुठे आहे, नुसतं दाखवलं तरी चोर पळतो." पळतो कधीकधी. पण दाखवलेलं पिस्तूल चालवायची तयारी नसेल आणि तो पळाला नाही तर पुढे काय? शिवाय पार्किंग लॉटमधल्या भांडणात "नुसतं दाखवणं" हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

आणि "काहीच नसण्या"च्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही बघा. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. आपल्या समाजात नैराश्याबद्दल घरातही बोलत नाहीत. कॉलेजच्या ॲडमिशनचा ताण घेतलेला मुलगा, ले-ऑफ झालेला नवरा, एकटी पडलेली बाई, आणि कपाटात साड्यांखाली लपवलेलं भरलेलं पिस्तूल. मुलांना ते कुठे आहे माहीत नाही असं फक्त आई-बापांनाच वाटतं. कुलूपबंद, एका क्षणात उघडणारा सेफ विकत घेणं हा शिक्षणाचाच भाग आहे. घरात कोणी वाईट मनःस्थितीतून जात असेल तर पिस्तूल काही काळ घराबाहेर, कायदेशीर मार्गाने, ठेवणं हाही त्याचाच भाग. आणि रक्तस्राव थांबवायला शिकवणारा "स्टॉप द ब्लीड"चा छोटा वर्ग तर पिस्तूल नसलेल्यांनीही करावा.

तेव्हा माझं मत सरळ आहे. घ्यायचं असेल तर चांगल्या शिक्षकाकडे किमान दोन-तीन वेगवेगळे वर्ग करा, त्यातला एक प्रसंग रचून शिकवणारा आणि एक कायद्याचा. महिन्यातून एकदा रेंज, आठवड्यात चार-पाच दिवस दहा मिनिटं कोरडा सराव, वर्षातून एकदा पुन्हा वर्ग. बायको किंवा नवराही बरोबर शिकू दे, कारण प्रसंग येईल तेव्हा तुम्ही क्लायंटच्या गावी असाल. एवढा वेळ नाही म्हणता? हरकत नाही, आपण सगळेच गडबडीत असतो. मग पिस्तूल विकून टाका आणि ते पैसे दारांवर, दिव्यांवर आणि लॉकरवर खर्च करा. त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट शिकून पिस्तूल घरात ठेवण्यापेक्षा तो शहाणपणाचा निर्णय आहे.

पुढच्या पॉटलकला कोणी "घेऊन टाकलं" म्हणाला तर "कितीला पडलं" विचारण्याआधी "कुठे शिकतोयस?" एवढं तरी विचारूया.

कळावे, लोभ असावा.

ह्यूस्टनहून,
आपलाच एक शेजारी